पुढच्या खोलीतलं मशीन

शिंप्याच्या घरात दोन गोष्टी फेकल्या जात नाहीत. कापडाचे तुकडे आणि गिऱ्हाइकांचे किस्से. तुकडे टेबलाखालच्या गोणीत जातात, कधीतरी उशीत भरता येतील म्हणून. किस्से माझ्या डोक्यात जातात. मला कुणी शाळेत घातलं नाही, त्यामुळे लिहून ठेवून विसरून जायची सोय माझ्याकडे नाही. गोणी भरली की तिचं तोंड बांधता येतं, डोक्याचं तसं काही करता येत नाही. आता नात म्हणाली, "आज्जी, तू सांग, मी लिहिते." ती मध्येच हसायला लागते. एखादं वाक्य सांडलेलं दिसलं तर तिला धरा, मला नाही.

तर आमचं दुकान मल्लेश्वरमला. पुढची खोली म्हणजे दुकान, मागे घर. आमचे हे बायकांची पोलकी शिवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीपण इथे मास्तरच म्हणते. नाव घ्यायची सवय नाही आणि आता या वयात लावून घ्यायची नाही. आम्ही मराठी, पण बेंगळुरात कधी आलो ते मास्तरांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि गिऱ्हाइकावर चिडायचं असलं की परत मराठी.

मुलगा गोपाळ. त्याची बायको नलिनी, निपाणीकडची. त्या वर्षांत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. एका घरात पापड, शेजारच्या घरात कॉम्प्युटर. नलिनी लग्नानंतर तसल्या एका क्लासला जाऊन आली आणि भरतकामाची चित्रं कॉम्प्युटरवर काढायला शिकली. मग गोपाळनं पीण्या म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका कारखान्यातून जुनं भरतकामाचं मशीन उचलून आणलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीनला द्यायचं, आणि ते आपलं आपण कापडावर भरत बसायचं. मशीन पुढच्या खोलीत बसलं आणि मास्तरांचं कापायचं टेबल व्हरांड्यात गेलं.

मास्तर त्या दिवशी जेवताना एवढंच बोलले, "दसऱ्यापर्यंत राहू दे. आयुधपूजेला मी ठरवीन, ही पेटी घरात राहायची की नाही."

"सरी, मामा," नलिनी म्हणाली. सरी म्हणजे बरं, मामा म्हणजे सासरे, आणि मला ती आत्ती म्हणते. पण नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "आत्ती, मला चित्र काढता येतं हे माझ्या माहेरी कुणाला पटलं नाही. या मशीनला पटलंय. ते गेलं तर मी परत काजं करत बसणार."

तेव्हा उगादी, म्हणजे आपला पाडवा, नुकती झाली होती. उगादीपासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात काय काय झालं, ते सांगते.

* * *

मशीन आलं तेव्हा दारातच अडकलं. मास्तरांनी टेप काढली. अख्ख्या मल्लेश्वरमची मापं घेतलेला माणूस. आधी दार मोजलं, मग मशीन मोजलं, आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "जात नाही."

गोपाळनं सुताराला बोलावून चौकटच काढली.

मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "सून आली ती माप ओलांडून आली. ही बया चौकट मोडून आली."

समोरच्या घरातल्या सरस्वतम्मा नारळ आणि पानसुपारी घेऊन बघायला आल्या, बाळंतिणीकडे येतात तशा. मशीनच्या भोवती फिरल्या. एवढ्या सगळ्या सुया एका जागी बघून कानातल्या कुड्यांवर हात ठेवला. मग हळूच मला विचारलं, "अक्का, हिला खायला काय लागतं?"

मी म्हटलं, "करंट."

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "अय्यो पाप, बिचारी. मग आपल्या गल्लीत उपाशीच मरणार."

* * *

क्लासमध्ये नलिनीला शिकवलं होतं की कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही. तेव्हा सगळीकडेच तसं होतं, कॉम्प्युटर असला की चपला बाहेर. नलिनीनं उंबऱ्याशी चपलांची जागा केली, आत जाड पडदा लावला आणि मशीनला गार वारा लागावा म्हणून टेबलफॅन ठेवला. गोपाळनं मशीन आलं त्या दिवशी घातलेला हार अजून कॉम्प्युटरवर होता. उदबत्ती मी रोजच लावते, ती मी तिथेही लावली.

झालं. येणारी बाई चपला काढायची, पडद्याशी वाकायची, आणि आवाज खाली आणून पोलक्याचा गळा किती खोल ते सांगायची. कुणी खाली बसायलाच तयार होईना. उभ्यानंच हात जोडून माप द्यायच्या. गोपाळ म्हणाला, धंद्याला बरं आहे, कुणी घासाघीस करत नाही.

एक दिवस नवीन गिऱ्हाईक आलं. म्हातारी बाई, मंदिरातूनच येत होती बहुतेक, कपाळावर ओलं गंध. चपला काढल्या, आत आली, पडद्यामागं निळा उजेड बघितला. डोळे मिटले. मशीनला एक प्रदक्षिणा घातली, वायरीवरून पाय उचलून. मग नलिनीच्या पुढ्यात उजवा तळहात पुढे केला.

नलिनीला काही कळेना. माझ्याकडे बघायला लागली. मी आतून भांडं आणून त्या बाईच्या हातावर पळीभर पाणी घातलं. तिनं ते पिऊन राहिलेलं डोक्याला लावलं.

व्हरांड्यातून मास्तर म्हणाले, "आता एक घंटा बांधा, म्हणजे मला कळेल माझं गिऱ्हाईक कोणतं आणि देवीचं कोणतं."

* * *

एक लहानसा किस्सा आहे, तोही सांगून टाकते.

काम नसलं की त्या कॉम्प्युटरच्या काचेवर आपोआप मासे पोहायला लागायचे. लाल, पिवळे, बुडबुडे सोडत. सरस्वतम्मांचे यजमान रिटायर झालेले. पोलकं न्यायला आले आणि खुर्ची ओढून माशांसमोर बसले. पोलकं तयार होतं, घडी घालून हातात दिलं, तरी उठेनात. दुपार गेली. कॉफी झाली. शेवटी सरस्वतम्मा बोलवायला आल्या.

ते जाता जाता गोपाळला म्हणाले, "आमच्या केबलवाल्याला सांग ना, हे चॅनल आम्हालाही द्यायला. एक जाहिरात नाही."

* * *

जवळच्या एका शाळेनं गणवेशाच्या खिशावर लावायचे बिल्ले सांगितले. मोठं काम होतं. आमच्याकडे एवढं मोठं काम त्याआधी आलंच नव्हतं. हेडमास्तर स्वतः कागद घेऊन आले. कागदावर शाळेचं चिन्ह, एक दिवा आणि खाली उघडलेलं पुस्तक.

नलिनीकडे एक पाटी होती, कॉम्प्युटरला जोडलेली. तिच्यावर कागद चिकटवायचा आणि पेनासारखं काहीतरी त्या रेघांवरून फिरवायचं. फिरवलं तसं चित्र आत उतरतं. नलिनीचा हात फार स्वच्छ. कागदावर जे असेल ते तसंच्या तसं काढणार, आपल्या पदरचं काही घालणार नाही.

बिल्ले तयार झाले. हेडमास्तर आले, चष्मा वर केला, बिल्ला जवळ नेला, लांब नेला. "हा गोल कुठून आला?" म्हणाले. दिव्याभोवती तपकिरी रंगाचा छान गोल होता. खाली उजवीकडे त्याला एक लहानसा थेंब होता.

नलिनीनं कागद आणून दाखवला. "सर, तुमच्याच कागदावर आहे."

होताच. मी लांबून बघितलं आणि ओळखलं. मास्तर ज्या पितळी लोट्यात कॉफी पितात, त्याच्या बुडाचा गोल. कागद एक रात्र त्यांच्या टेबलावर होता. नलिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर सुईत दोरा ओवत होते, आणि दोरा काही ओवला जात नव्हता.

हेडमास्तरांनी बिल्ला स्वतःच्या खिशावर धरून बघितला. मग म्हणाले, "गोलामुळे चिन्हाला वजन आलंय. आधी जरा उघडं वाटायचं."

बिल्ले गेले. पुढच्या महिन्यात शाळेनं गेट नव्यानं रंगवलं. आम्ही बघायला गेलो. गेटवर हा एवढा मोठा दिवा, पुस्तक, भोवती तपकिरी गोल. आणि खाली उजवीकडे थेंब.

मास्तर गेटसमोर उभे राहिले. म्हणाले, "थेंब जरा मोठा काढलाय. एवढी सांडली नव्हती."

* * *

आता हा माझा.

मी दारात रोज रांगोळी घालते. ठिपक्यांची, आठ पाकळ्यांची, माझ्या आईची आहे ती. नलिनीनं ती कागदावर उतरवून घेतली आणि कॉम्प्युटरवर काढली, पोलक्याच्या पाठीसाठी. काढताना म्हणाली, "आत्ती, मशीनला दोरा न तोडता एका दमात जायला लागतं. तुमच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये मी एक बारीक पाकळी जादा घालते, म्हणजे तिथून पलीकडे जाता येईल." मी म्हटलं घाल बाई, पाकळीनं कुणाचं पोट दुखत नाही.

पहिलं पोलकं सरस्वतम्मांनी शिवून घेतलं. वरलक्ष्मीच्या पूजेला घालून सगळ्या घरी फिरल्या. प्रत्येक बाईनं त्यांना पाठमोरं उभं केलं. श्रावण संपेपर्यंत अर्ध्या गल्लीच्या पाठीवर माझी रांगोळी. आणि पाठीवरून ती हळूहळू दारात उतरली. पहाटे दूध आणायला जावं तर या दारात माझी रांगोळी, त्या दारात माझी रांगोळी, सगळी मशीनच्या जादा पाकळीसकट.

मला काय, बरंच वाटलं.

एका सकाळी मी वाकून माझी रांगोळी घालत होते. सरस्वतम्मा येऊन उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका हं. वय झालं तुमचं. एक पाकळी विसरलात."

"माझ्या आईची रांगोळी आहे ही," मी म्हटलं.

"असेल ना. पण बरोबर अशी असते, बघा." असं म्हणून त्या वळल्या आणि पदर बाजूला करून मला पाठ दाखवली. "कॉम्प्युटरनं काढलीय. तो चुकत नाही."

काय करणार. अख्ख्या गल्लीत माझीच तेवढी चुकीची. मी वाकले आणि पाकळी घातली.

* * *

शांतम्मा म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक. नातीच्या लग्नात घालायच्या पोलक्यावर त्यांना मोर हवा होता, पाठीवर, मोठा. मशीन आधी मोराचं अंग भरतं, मग मान, मग डोकं. डोकं पुरं होत आलं आणि करंट गेला. अंधारात गोपाळ मेणबत्ती शोधायला उठला आणि त्याचं कोपर कापड ताणून धरणाऱ्या चौकटीला लागून ती जराशी फिरली. करंट आला, पण मशीन कुठवर आलं होतं ते विसरलेलं, म्हणून नलिनीनं मानेपासून परत सुरू केलं. मशीननं इमानदारीत दुसरी मान काढली. पहिलीच्या शेजारी. दुसरं डोकं दुसऱ्या बाजूला कललेलं, आणि जरा खाली झुकलेलं.

रेशीम महागाचं. उसवलं तर भोकं दिसणार. नलिनी डोक्याला हात लावून बसली. "मामा आता दसऱ्याची वाटसुद्धा बघणार नाहीत," म्हणाली.

शांतम्मा आल्या. मी पोलकं पुढे करायच्या आत त्यांनीच ओढून घेतलं. बघितलं. मग ते पोलकं दोन्ही डोळ्यांना लावलं.

"गंडभेरुंड," म्हणाल्या. गंडभेरुंड म्हणजे म्हैसूरच्या राजांच्या निशाणावरचा दोन डोक्यांचा पक्षी, इकडे त्याला देवासारखं मानतात. "मी मोर मागितला आणि तुम्ही मला गंडभेरुंड दिला, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली. म्हटलं तर हो, म्हटलं तर नाही.

लग्नातून परत आल्या त्या चार बायकांना घेऊन. सगळ्यांना तसाच पाहिजे. नलिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं कॉम्प्युटरवर नीट बसून सुंदर गंडभेरुंड काढला, दोन्ही डोकी अगदी सारखी. बायकांनी बघितला आणि नाकं मुरडली.

"हा छापल्यासारखा दिसतो," शांतम्मा म्हणाल्या. "आमचा तसा नाही. आमचा एका बाजूनं लाजतो. करंट गेला तेव्हाचा पाहिजे."

मग आम्ही करंट जायची वाट बघत बसलो. आणि तुम्हाला सांगते, आमच्या गल्लीत जो करंट रोज जायचा, ऐन कुकर लावला की जायचा, तो त्या आठवड्यात जाईना. मास्तर व्हरांड्यातून खांबावरच्या दिव्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "काय झालंय काय या लोकांना?"

शेवटी सरस्वतम्माच म्हणाल्या, मी आहे ना. स्टुलावर चढल्या आणि मेन स्विचवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गोपाळ कोपर वर करून चौकटीशी तयार. नलिनी मशीनपाशी. मास्तर पडद्याच्या बाहेरून मान आत घालून बघतायत. आत यायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं, पण मानेचं काही ठरलं नव्हतं.

"आता?" सरस्वतम्मांनी विचारलं.

"थांबा," मास्तर ओरडले. "स्वल्प थांबा, स्वल्प. चोच होऊ दे."

नलिनीनं वळून बघितलं. मास्तरांनी मान बाहेर काढली.

"आता," बाहेरून आवाज आला.

सगळं घर बंद. गोपाळनं कोपर मारलं. परत करंट, परत मान. चारही पोलकी अशीच झाली. फक्त तिसऱ्याला गोपाळनं कोपर जरा जोरात मारलं, त्यामुळे तो पक्षी लाजण्याऐवजी रुसलेला दिसतो. ते पोलकं ज्या बाईंकडे गेलं, त्यांनी सांगितलं की त्यांना तोच जास्त आवडला. घरच्यासारखा वाटतो म्हणाल्या.

* * *

नलिनीनं मला एक बटण दाखवलं होतं. चुकलं की ते दाबायचं, शेवटचं जे केलं ते पुसलं जातं, जसं काही केलंच नव्हतं. मी तिला पोपट काढायला लावला आणि बटण दाबलं. पोपट गेला. परत काढ म्हटलं, परत दाबलं. मला इतकं हसू यायला लागलं की नलिनीनं बटणावर हात ठेवला. मी म्हटलं, हे माझ्या सांबाराला पाहिजे होतं गं, मीठ दोनदा पडतं तेव्हा.

रात्री मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "शिंप्याला असलं बटण दिलं तर कापायला कुणी शिकणारच नाही."

गणपती झाले आणि लग्नाची कामं आली. एका दुपारी मास्तर टेबलापाशी उभे. नुसतेच उभे. हातात कात्री, पण कात्री चालत नाही. मी कॉफी घेऊन गेले तर समोर म्हैसूर सिल्कच्या दोन बाह्या कापलेल्या. मी शिंप्याची बायको, मला लगेच कळलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. आणि त्या कापडाला उलटी-सुलटी बाजू होती. कापड संपलेलं. नवरीच्या आईचं पोलकं, दुसरं तसं कापड बाजारात मिळणार नाही.

मी कॉफी ठेवली आणि आत आले.

थोड्या वेळानं पडद्यापाशी खाकरल्याचा आवाज आला. नलिनीनं पडदा सारला. मास्तर बाहेर उभे, दोन बाह्या हातावर घेऊन, मेलेलं पाखरू धरावं तशा.

"नलिनी," म्हणाले. "ते तुझं मागं जायचं बटण आहे ना."

"हो, मामा."

"कापडावर चालतं का?"

मी आत ओट्याला धरून उभी होते. हसू यावं की रडू ते कळेना. नलिनी हसली नाही. तिनं बाह्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या.

"कापडावर नाही चालत, मामा. पण बसा. आत बसा."

मास्तर पहिल्यांदा आत आले आणि मशीनसमोर बसले. नलिनीनं एक बाही उलटी घेतली, म्हणजे ती उजव्या हाताची झाली. आणि उलटी बाजू दिसू नये म्हणून तिच्यावर खांद्यापासून काठापर्यंत वेल भरून काढला, कापड बोटभरसुद्धा दिसेना. दुसऱ्या बाहीवर तोच वेल. मास्तर शेवटपर्यंत बसून होते. मशीन थांबलं की ते विचारायचे, "दोरा का तोडला?" आणि नलिनी सांगायची.

नवरीची आई आली. बाह्या बघून खुर्चीतच बसली. "मास्तर, मी तर साध्या बाह्या सांगितल्या होत्या."

"तोंडानं साध्या सांगितल्या होत्या," मास्तर म्हणाले. "मनात वेल होता तुमच्या. मला दिसला."

ती बाई जाईपर्यंत नलिनी पडद्यामागं तोंडात पदर कोंबून उभी होती.

* * *

आता दसरा.

एवढं सगळं होऊनही मास्तरांनी मशीनबद्दल एक शब्द काढला नव्हता. नवरात्र सुरू झालं तसे ते रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून बाहेर जायला लागले. कुठे, ते सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "काम आहे."

ते काम सरस्वतम्मांनी शोधून काढलं. त्यांचा भाऊ बळेपेटेत कापडाच्या दुकानात होता. त्यानं मास्तरांना तिथल्या टेलर लोकांच्यात बसलेलं बघितलं. मशीनचंच बोलणं चाललं होतं म्हणे. सुया किती, किती वेळात किती काम, जागा किती लागते. तिथले दोघे टेलर फार लक्ष देऊन ऐकत होते.

नलिनीनं ऐकलं आणि म्हणाली, "विकायला काढलंय." गोपाळ म्हणाला, मी बोलतो. ती म्हणाली, "नको. त्यांनी दसऱ्यापर्यंत म्हटलं होतं, दसऱ्यापर्यंत ठेवलं. शब्दाला खोटे नाहीत ते."

आयुधपूजेच्या सकाळी तिनं मशीन पुसलं. प्रत्येक सुई पुसली. शेवंतीची फुलं वाहिली. कॉम्प्युटरच्या काचेवरची धूळ आपल्या पदरानं पुसली, आणि मग हात मांडीवर घेऊन बाजूला बसली.

इकडे आयुधपूजेला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. ड्रायव्हर गाडीची करतो, न्हावी वस्तऱ्याची करतो. पूजा झाली की त्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी ते देव.

मास्तर तबक घेऊन निघाले. मोठ्या कात्रीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. छोट्या कात्रीला लावलं. टेपेला, अंगुस्तानाला, इस्त्रीला लावलं. त्यांच्या वडिलांच्या शिलाई मशीनला लावलं, गोपाळच्या मशीनला लावलं. काजं करायच्या सुईला लावलं. गज, खडू, बॉबिनचा डबा, काही सोडलं नाही. मग पुढच्या खोलीत आले.

भरतकामाच्या मशीनसमोर उभे राहिले. हातात तबक, बोटाला कुंकू. आम्ही सगळे बघत होतो. सरस्वतम्मा दारात.

मास्तरांनी बोट धोतराला पुसलं आणि तबक खाली ठेवलं.

नलिनी उठली, भिंतीपाशी गेली, प्लग काढला आणि वायर हाताला गुंडाळायला लागली. नीट, एकावर एक वेढे.

"वायर का काढतेस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही कुंकू लावलं नाही, मामा."

"लावलं असतं तर उद्यापर्यंत हात लावता आला असता का?" मास्तर चिडलेच. "बळेपेटेतले मास्तर येणार आहेत चार वाजता, हे चालताना बघायला. मला खोटं ठरवतात, म्हणे असं होऊच शकत नाही. आज सगळ्यांची हत्यारं पूजेला बसलीत, म्हणून तेही आजच मोकळे आहेत. दोघांना सांगितलं होतं, आता सगळेच निघालेत म्हणे."

नलिनीच्या हातातली वायर तशीच राहिली.

"लाव ती परत," मास्तर म्हणाले. "आणि मोर नको काढूस. मोर कुणीपण काढतो. काहीतरी अवघड काढ."

ते तबक उचलून आत निघाले. पडद्यापाशी थांबले, मागे वळले.

"आणि विचारलं कुणी, कुणाकडे शिकलीस, तर माझं नाव सांग."